एकशे पंधरावं पान

१

सोमवारी सकाळी अपिलाच्या कोर्टात कोटवाले उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "न्यायमूर्तींनी कृपया पान एकशे पंधरा काढावं."

दोघा न्यायमूर्तींनी पानं उलटली. पुन्हा उलटली. समोरच्या नव्या स्क्रीनवरही शोधलं. एकशे चौदानंतर थेट एकशे सोळा होतं, फाइलमध्येही आणि स्क्रीनवरही.

मी तिथे नव्हते. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. पण जे घडलं ते मला चौघांनी वेगवेगळं सांगितलं आणि चौघांचं सांगणं जुळलं, तेव्हा ते खरं धरायला हरकत नाही.

खटला जुना होता. पंधरा वर्षांपूर्वी रेनकोट शिवायच्या एका कारखान्यात आग लागली. मागचं दार बाहेरून कुलूपबंद होतं. अकरा बायका त्या दाराशी सापडल्या. खालच्या कोर्टाने मालक आणि मॅनेजर दोघांनाही शिक्षा दिली. मॅनेजरने कुलूप लावायला लावलं हे चौकीदाराने साक्षीत सांगितलंच होतं. पण मालकाला अडकवणारी निकालपत्रात एकच ओळ होती: 'चौकीदाराच्या उलटतपासणीवरून (पान ११५) मालकाचा लेखी हुकूम सिद्ध होतो.' तो हुकूम आगीतच जळाला होता, चौकीदार चार वर्षांपूर्वी वारला होता आणि आता ते पानही गेलं होतं.

कोटवाले मालकाचे वकील. बारा महिने काळा कोट अंगावर असायचा म्हणून हे नाव. घरी जेवतातही कोट घालूनच, असं आम्ही म्हणायचो. त्या पानावरचं विधान खोडून काढायला ते तीन आठवडे तयारी करून आले होते. ते क्षणभर गोंधळले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"विधानच नसेल," ते म्हणाले, "तर मी खोडू काय?"

समोरच्या बाजूचे वकील ताडकन उठले. यांना सगळी इमारत 'धाकटे' म्हणते. वकिलीत आले तेव्हा याच आडनावाचे एक म्हातारे वकील होते. ते जाऊन जमाना झाला, यांचे केस पिकले, तरी धाकटेपण सुटलं नाही. मेलेल्या बायकांच्या घरच्यांनी मागणी करून त्यांना सरकारी वकील म्हणून नेमून घेतलं होतं आणि त्यांनी एक पैसा घेतला नव्हता.

"हा दरोडा आहे!" धाकटे ओरडले. "मेलेल्या माणसाच्या जबानीवर दरोडा!"

न्यायमूर्तींनी दोन्ही बाजूंना आपापली प्रत द्यायला सांगितली. धाकट्यांच्या ऑफिसात दोन वर्षांपूर्वी पाणी शिरलं होतं, त्यात ती गेली असावी. कोटवाल्यांना त्यांची शोधावी लागणार होती.

दुपारच्या सुट्टीआधीच रेकॉर्ड रूमचे दप्तरकाका निलंबित झाले. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

तीन वाजता मला मुख्य न्यायाधीशांचा फोन आला.

२

एकतीस वर्षं मी कोर्टात लघुलेखिका होते, पण चौकीदाराची साक्ष मी लिहिलेली नव्हती. दुसऱ्यांचं बोलणं लिहायचं, आपलं काही घालायचं नाही. माणूस खोटं बोलताना वाक्याच्या कुठल्या जागी श्वास घेतो, हे या कामात हाताला कळायला लागतं.

मुख्य न्यायाधीश म्हणाले, "बाई, पोलिसांत गेलो तर उद्या पेपरात येईल. पुढच्या आठवड्यात आपलं कोर्ट कागदमुक्त झाल्याचा समारंभ आहे, नव्या न्यायाधीशांची यादीही जाहीर झालीय. तुम्ही तीन दिवस घ्या. शांतपणे विचारपूस करा आणि मला एकटीने येऊन सांगा."

मी आधी रेकॉर्ड रूममध्ये गेले. दप्तरकाकांना कुलूप उघडायला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते आपल्या टेबलापाशी पाहुण्यासारखे उभे होते.

"बसा ना, काका."

"नको. मी आता इथला नाही."

फाइल टेबलावर होती. प्रत्येक कागदाला दोन भोकं, त्यांतून ओवलेली हिरवी दोरी, वर गाठ. उजव्या कोपऱ्यात दप्तरकाकांनी लाल पेन्सिलीने घातलेले आकडे. चौकीदाराची साक्ष एकशे बारापासून एकशे सोळापर्यंत. मधलं पान फाडलेलं नव्हतं, भोकांपाशी कागदाचा कपटाही नव्हता. म्हणजे कोणीतरी गाठ सोडली, वरचे कागद उतरवले, एक काढला आणि सगळं पुन्हा ओवून गाठ मारली. मी स्वतः करून पाहिलं. घाई करूनही चार मिनिटं लागली.

"एवढा वेळ फाइल एकट्या कोणाच्या हातात होती?"

"कोणाच्याच नाही," काका म्हणाले. "माझ्यासमोर बघायची, माझ्यासमोर परत द्यायची. मी जागचा हललो नाही."

'हललो' म्हणण्याआधी त्यांनी श्वास घेतला.

रजिस्टरमध्ये या महिन्यात तीनच नोंदी होत्या. तीन तारखेला धाकटे. बारा तारखेला कोटवाले. अठराला फाइल स्कॅनिंगला गेली आणि त्याच संध्याकाळी परत आली.

धुळीने माझा घसा बसला होता. मी पाणी मागितलं.

"या मजल्यावर नाही मिळायचं. स्कॅनिंगच्या वायरी टाकल्या तेव्हापासून कूलर बंद आहे. खालून आणावं लागतं." ते निघालेही, पण दारात थांबले आणि पाठमोरेच म्हणाले, "माझंच नाव लिहा, बाई, आणि मोकळ्या व्हा."

३

स्कॅनिंग विभागाच्या प्रमुख बाई करारावरच्या होत्या, पण शिस्तीच्या. मी दारात दिसताच त्यांनी वही पुढे सरकवली, जणू सोमवारपासून माझी वाटच पाहत होत्या.

"मशीन कागद मोजतं. या फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलंय दोनशे एक्केचाळीस. मशीनने मोजले दोनशे चाळीस. मी वहीत लिहिलं, वर ईमेलही केला. अठरा तारखेलाच."

"मग?"

"मग काही नाही. ईमेल कोणी उघडलाच नाही. दिवसाला किती फाइली झाल्या, एवढंच विचारतात मला."

चोरी करणारी बाई आपणहून कमी भरल्याची तक्रार करत नाही. म्हणजे पान अठराच्या आधी गेलं होतं. उरले तिघं: बाराला कोटवाले, तीनला धाकटे आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते काका.

इमारतीत सगळ्यांनी कोटवाल्यांचं नाव मनातल्या मनात लिहूनही टाकलं होतं. फायदा त्यांच्याच अशिलाचा होता. मी त्यांच्या ऑफिसात गेले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली.

"या. आरोपीच्या पिंजऱ्यातून स्वागत करतो."

"आरोप मी केलेला नाही."

"करणार आहात. तेव्हा आधीच सांगतो. पान मी चोरलं असतं, तर भर कोर्टात 'एकशे पंधरा काढा' असं कशाला म्हटलं असतं? मी गप्प राहिलो असतो. सरकारी वकिलाने ते काढायला सांगितलं असतं आणि तोंडघशी पडला असता. ती मजा मी सोडली असती? बाराला फाइल मागवली ती फक्त पंचनामा बघायला, साक्षीच्या पानांना मी हातही लावला नव्हता."

हे पटण्यासारखं होतं. शिवाय ते माझ्या तोंडाकडे बघून, न अडखळता बोलले.

"त्या पानावर काय होतं?"

"ती उलटतपासणी मीच घेतली होती, बाई. त्याला एक प्रश्न विचारला. आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रश्न. उत्तर ऐकलं आणि खाली बसलो."

"उत्तर काय होतं?"

"ते मी सांगायचं? माझा अशील आज सुखाने झोपतोय."

"तुमची प्रत तरी?"

"सापडणार नाही." मग ते जरा पुढे वाकले. "पण एक विचारू? मी प्रत देणार नाही, हे लहान मुलालाही कळतं. धाकट्यांची प्रत का सापडत नाही? इतकी वर्षं ही केस उराशी धरून बसलेला माणूस. त्याच्या ऑफिसात पाणी शिरलं, ते नेमकं त्याच कपाटात?"

४

मला ते बोलणं आवडलं नाही. धाकटे मला ताई म्हणायचे. नवे होते तेव्हा कुठल्याशा मोठ्या ऑफिसात उमेदवारी करत आणि दुपारी उपाशी फिरत, तेव्हा माझ्या डब्यात त्यांचा वाटा ठरलेला असायचा. माझे यजमान गेले तेव्हा दवाखान्यापासून सगळी धावपळ त्यांनी केली. माझ्या सख्ख्या भावाला यायला दोन दिवस लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गेले. कोर्टाबाहेरच्या बाकावर मावशी बसल्या होत्या. त्यांची एकोणीस वर्षांची लेक त्या कारखान्यात बटणं लावायची. पंधरा वर्षांत मावशींनी एक तारीख चुकवली नव्हती. तारीख नसली तरी कधीकधी येऊन बसायच्या.

"मावशी, चौकीदाराची साक्ष झाली त्या दिवशी तुम्ही होतात?"

"मी कधी नव्हते?"

"हे कोटवाले त्याला प्रश्न विचारत होते. शेवटचा प्रश्न आठवतो?"

मावशींना वाचता येत नव्हतं. ज्यांना कागदाचा आधार नसतो, ते ऐकलेलं जपून ठेवतात. त्यांनी डोळे मिटले आणि एकेक शब्द ठेवल्यासारखं सांगितलं.

"वकील म्हणाला, 'म्हणजे कुलूप तू तुझ्या मनाने लावलंस.' चौकीदार म्हणाला, 'नाही साहेब. कागद आला होता. कामाच्या वेळेत मागचं दार बाहेरून बंद ठेवावं, असा कागद. त्यावर मालकांची सही होती. घड्याळाच्या इमारतीतल्या वकिलांच्या ऑफिसातून लिफाफा आला, मीच घेतला.' मग हा वकील खाली बसला."

"घड्याळाच्या इमारतीतल्या कुठल्या वकिलाकडून?"

मावशींनी डोळे उघडले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"तो तेवढंच म्हणाला," त्या म्हणाल्या.

म्हणजे त्या पानावर दोन गोष्टी होत्या. मालकाची सही आणि एका ऑफिसचा पत्ता. आम्ही सगळे पहिल्या गोष्टीमागे धावत होतो. चोराला दुसरी नको असली तर?

खाली कँटीनमध्ये टेबलावर परवाचा पेपर पडला होता. नव्या न्यायाधीशांची यादी, फोटो आणि प्रत्येकाची चार ओळींत माहिती. धाकट्यांचा फोटो दुसऱ्या रांगेत होता. 'गरिबांचे वकील' असा मथळा होता. खाली लिहिलं होतं: 'कारकिर्दीची सुरुवात घड्याळ इमारतीतील नामवंत कायदे सल्लागारांच्या कार्यालयातून.'

चहा तसाच राहिला. मी उठले.

५

मला ते खोटं ठरवायचं होतं, हे कबूल करते. त्या इमारतीत दहा-बारा माणसं काम करत असतील, असं मी जिना चढताना स्वतःला समजावत होते.

आता युक्तिवाद कागदावर देत नाहीत. कॉम्प्युटरवर दाखल करतात, त्यावर वेळ छापली जाते आणि मग त्यातलं अक्षर बदलता येत नाही. मी दाखल कक्षात बसून धाकट्यांचे दोन लेखी युक्तिवाद काढायला लावले. पहिला तीन वर्षांपूर्वीचा, खालच्या कोर्टातला. त्यात होतं, 'चौकीदाराची पाच पानी साक्ष न्यायालयाने संपूर्ण वाचावी.' दुसरा याच अपिलातला, या महिन्याच्या नऊ तारखेचा. परिच्छेद जवळजवळ तोच. फक्त, 'चौकीदाराची चार पानी साक्ष.'

मी ते वाक्य बोट ठेवून तीनदा वाचलं.

नऊ तारखेला पान गेल्याचं जगात कोणालाच माहीत नव्हतं. कोटवाल्यांनी फाइल पाहिली ती बाराला. मशीनने मोजली अठराला. कोर्टात बोभाटा झाला पंचवीसला. नऊ तारखेला ही साक्ष चार पानांची आहे हे एकाच माणसाला कळू शकत होतं. ज्याने पाचवं काढलं त्याला.

फक्त एक अडचण उरली. काका जागचे हलले नव्हते.

मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत त्यांची मुलगी शिवणयंत्रावर बसली होती, तिची लहान मुलगी जमिनीवर चित्रं काढत होती. काकांनी मला आत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"काका, तीन तारखेला धाकट्यांना पाणी हवं होतं का?"

ते पलंगाच्या कडेला बसले. बाहेरचं शिवणयंत्र चालूच होतं.

"गोळी घ्यायची होती त्यांना," ते म्हणाले. "साखरेची. घाम आला होता. म्हणाले, 'काका, जरा पाणी मिळेल का?' मी खाली गेलो. तिथेही रांग होती. दहा मिनिटं गेली असतील."

"हे तुम्ही सोमवारीच का नाही सांगितलंत?"

"ती बाहेर बसलीय ना, तिच्या नवऱ्याने पोर हिसकावून घेतली होती. दोन वर्षं. हिने अन्न सोडलं होतं. धाकट्यांनी ती पोर परत आणून दिली. फी विचारली तर म्हणाले, 'एकदा चहा पाजा.'" त्यांनी हात जोडले. "माझे चार महिने उरलेत. पेन्शन कमी मिळेल, मिळू दे. त्यांना वर जाऊ द्या, बाई. तिथे असा एक तरी माणूस पाहिजे."

"मुद्दाम गेलात का खाली?"

"नाही हो. लेकीची शप्पथ. मला नंतर कळलं. सोमवारी शंका आली आणि तुम्ही पाणी मागितलंत ना, तेव्हा खात्री पटली."

६

धाकट्यांच्या ऑफिसात आवराआवर चालली होती. न्यायाधीशाला वकिलीचं ऑफिस ठेवता येत नाही. पुस्तकं खोक्यांत भरली जात होती. मला पाहून त्यांनी कारकुनाला बाहेर पाठवलं.

"या ताई. पेढे द्यायला मीच येणार होतो."

मी दोन्ही युक्तिवादांच्या छापील प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या. 'पाच' आणि 'चार' यांखाली रेघ मारलेली होती.

त्यांनी वाचलं. मला वाटलं होतं, टायपिंगची चूक म्हणून झटकतील. मी वाद घालायच्या तयारीने गेले होते. ते खुर्चीत मागे रेलले आणि हसले, पण ते हसू बघवत नव्हतं.

"काढल्यावर उरलेली पानं मोजली मी. सवय. आणि लिहिताना समोर होतं तेच लिहिलं. कोर्टाला चुकीचा आकडा द्यायला हात धजला नाही."

"पान चोरायला धजला."

"ताई, अठ्ठावीस वर्षांचा होतो. साहेबांनी सांगितलं, कारखान्यातून मागच्या दाराने माल बाहेर जातो, एक हुकूम तयार कर. दहा मिनिटांचं काम. मी टाइप केलं. मालक ऑफिसात येऊन सही करून गेले. लिफाफा मीच बंद केला. सहा महिन्यांनी आग लागली."

"आणि तू केस घेतलीस."

"दुसरं काय करणार होतो? बाहेर पडलो तिथून. पंधरा वर्षं दिली त्या एका ओळीसाठी. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. चौकीदाराने साक्षीत इमारतीचं नाव घेतलं तेव्हा वाटलं, आता संपलं. पण कोणाचं लक्ष गेलं नाही. आता निवडीच्या फॉर्मवर प्रत्येक वर्षाची नोकरी लिहावी लागली. ती पेपरात छापून येणार हे तेव्हाच कळलं. अपिलात ते पान मोठ्याने वाचलं गेलं असतं, तर कोणीतरी एकाने तरी दोन्ही गोष्टी जोडल्या असत्या."

"त्या पानावर तुझं नावही नव्हतं. मालकाची सही मात्र होती. तुझा पत्ता लपवायला तू मालकाला सोडवलंस."

"मॅनेजर आत राहीलच की!"

"मॅनेजरने लावलेलं कुलूप तुझ्या कागदावरून लागलं."

ते उठले, खोक्यातलं एक पुस्तक काढलं आणि परत तिथेच ठेवलं.

"वर गेल्यावर मी किती लोकांचं भलं करू शकेन, याचा विचार करा. हजारो, ताई. त्यांच्यासाठी एक पान."

"अकरा बायकांना हे जाऊन सांगशील?"

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं.

"पान कुठे आहे?"

"नाही आता." आणि मग, आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच, त्यांनी मला एकेरीत विचारलं. "तू सांगणार आहेस का, ताई?"

"मला जे कळलं ते मी लिहून देणार आहे," मी म्हणाले. "आपलं काही घालणार नाही."

जिन्यात मला रडू कोसळलं. यजमान गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते.

७

अहवाल सहा पानांचा झाला. मुख्य न्यायाधीशांनी तो माझ्यासमोर वाचला. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"बाई, तुम्ही म्हणता तसंच घडलं असेल. पण याला पुरावा म्हणतात का? एक आकडा. एका अडाणी बाईची आठवण. आणि निलंबित माणसाने आणलेला पाण्याचा ग्लास."

"त्यांनी माझ्यासमोर कबूल केलं."

"माझ्यासमोर करतील?"

त्यांनी अहवाल मिटला.

"यादीवर सही झालेली आहे," ते म्हणाले. "आता ती मागे घ्यायची म्हणजे लोकांचा कोर्टावरचा विश्वास उडेल."

"आणि नाही घेतली तर?"

"तर उडणार नाही. कारण कळणारच नाही."

हे ते निर्लज्जपणे म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते थकल्यासारखे म्हणाले. अहवाल लिफाफ्यात गेला, लिफाफ्यावर लाख लागली. दप्तरकाकांचं निलंबन मागे घेतलं गेलं आणि त्यांच्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणा' एवढा एक शब्द लिहिला गेला. त्यांनी मला निरोप पाठवला, आभारी आहे म्हणून.

समारंभ ठरल्या दिवशी झाला. त्याच मंडपात दुसऱ्या दिवशी नव्या न्यायाधीशांनी शपथ घेतली. धाकटे काळ्या झग्यात फार शोभून दिसले, असं सगळे म्हणाले. मी गेले नाही.

महिन्याभरात अपिलाचा निकाल लागला. मॅनेजरची शिक्षा कायम राहिली. मालकाविरुद्ध 'अभिलेखावर कोणताही पुरावा आढळत नाही', सबब निर्दोष. कोटवाले बाहेर आले तेव्हा बातमीदारांनी त्यांना गराडा घातला. त्यातून वाट काढत ते माझ्याजवळून गेले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मावशी बाकावर बसूनच होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. लिफाफ्यातलं बाहेर बोलायचं नाही, असं मला बजावलेलं होतं. तरी मी त्यांना सगळं सांगितलं, घड्याळाच्या इमारतीपासून ते 'चार पानी'पर्यंत. त्या रडतील, शिव्या देतील, निदान मान तरी वळवतील असं मला वाटलं होतं. त्या पुढे बघत राहिल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"कागद याने केला ते. आगीनंतर आठ दिवसांनी चौकीदार घरी आला होता. म्हणाला, 'मावशी, कुठलाच वकील तुमची केस घेणार नाही. घड्याळाच्या इमारतीत एक तरुण पोरगा आहे, लिफाफा त्याने माझ्या हातात दिला होता. त्याच्याकडे जा. तो नाही म्हणू शकणार नाही.' गेले मी. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीतून उठून उभा राहिला. मी काही बोलायच्या आत."

"आणि पंधरा वर्षं तुम्ही गप्प राहिलात?"

"बोलले असते तर केस कोणी लढवली असती? तुम्ही?" यात राग नव्हता, खरंच विचारत होत्या. "त्याला आमची गरज होती, आम्हाला त्याची. इतकी वर्षं त्याने कधी टाळाटाळ केली नाही. मी म्हणायचे, याला असंच टोचत राहू दे, तोवर केस चालेल. त्याला मोठं करतील असं नव्हतं मनात आलं."

त्यांनी पिशवी गुडघ्यावर घेतली. त्यात निकालाची प्रत होती, त्यांना वाचता न येणारी.

"याच्या वर अजून कोर्ट आहे ना?"

"आहे. पण नव्वद दिवसांत अर्ज करावा लागेल. पान नाही, प्रत नाही. मी साक्ष देईन, पण त्याचं वजन किती, सांगता येत नाही."

"द्या तुम्ही." त्या उठल्या, गुडघे धरून क्षणभर थांबल्या आणि जिन्याकडे चालायला लागल्या. खाली आवारात वकिलांची टेबलं मांडलेली असतात. "मग वकील बघायला पाहिजे."

"माझ्या ओळखीचे एक-दोन चांगले आहेत," मी म्हणाले.

"चांगला नको, बाई," मावशी पहिली पायरी उतरत म्हणाल्या. "चांगले वर जातात."